कामवालीलेही नाव असते

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या बसस्टँडवर होते, तिलाच भेटायला अमरावतीला निघालेली. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. 'मालिकांमध्ये मोलकरणीची कामे करणाऱ्या अभिनेत्रीचे निधन.' महिना होत आला, त्या ओळीचा राग काही जात नाही...

वलगावला तिच्या घरचा भाजीचा मळा. सकाळी अमरावतीच्या बाजारात वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर विकायची आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीला जायचं. बाविसाव्या वर्षी तिला पहिलं काम मिळालं ते नायकाच्या आईचं. राकट चेहरा, खणखणीत आवाज; नायिका तिला कुणी केलंच नाही. मी तिच्याहून वीस वर्षांनी लहान. तिच्याच नाटकातल्या माझ्या पहिल्या प्रयोगाला मी विंगेतून पुढे पाऊल टाकेना, तर पाठीत धपाटा घालून म्हणाली, "भेते काहून? लोकं काय खाऊन राह्यले तुले?"

पन्नाशीला आल्यावर तिला मुंबईच्या एका मालिकेत काम मिळालं. कागदावर पात्राचं नाव होतं 'कामवाली'. तिने दिग्दर्शकाला विचारलं, "इचं नाव काय?" तो म्हणाला, "नाव कशाला हवं? कामवालीच आहे." "कामवालीले नाव नसते काय? सुभद्रा हाय ते." शूटिंगला मालकीण झालेल्या नटीने "अगं ए" म्हटलं, ही जागची हलली नाही. दोन शॉट वाया गेले. तिसऱ्यांदा हाक आली, "सुभद्रा!" मग तीन वर्षं महाराष्ट्रभर ती सुभद्राच होती.

पुढे एक प्रसंग आला. सुभद्रावर चोरीचा आळ येतो, चोरी तिने केलेली नसते, तरी ती मालकिणीचे पाय धरून रडते. वर दिग्दर्शकाची सूचना, "तुमच्या वऱ्हाडीत रडा, लोक हसले पाहिजेत." ताईने कॅमेऱ्यासमोर पाय धरले नाहीत. ताठ उभी राहिली, हातातली पिशवी फरशीवर उलटी केली आणि म्हणाली, "पाह्य. काय चोरलं मी?" सेटवरचं कुणी हसलं नाही. तो शॉट दाखवलाच नाही. पुढच्या आठवड्यात मालिकेतलं कुणीतरी म्हणालं, 'सुभद्रा गावी गेली.' संपलं तिचं काम.

ती परत आली तेव्हा मीच चिडले होते. "पाय धरले असते तर तुमचं काय बिघडलं असतं, ताई?"

"माहं काईच नसतं बिघडलं," ती म्हणाली. "पन दुसऱ्याच्या घरी भांडे घासता घासता ज्या बाया मले पाह्यतात, त्यायचं काय?"

मुंबईहून नंतर बोलावणी आली, तशाच रडण्या-हसण्याची. ती गेली नाही. अमरावती, अकोला, धामणगाव... जिथे पडदा लागेल तिथे उभी राहिली, अगदी सत्तरीपर्यंत.

तिच्या खोलीतून मी एकच वस्तू आणली, पांढऱ्या केसांचा टोप. बाविसाव्या वर्षापासून म्हाताऱ्या करताना घातलेला. पुढे तिचे स्वतःचे केस पिकले, पण ती दर पंधरवड्याला ते काळे करायची आणि त्यावर हा टोप चढवायची. मी एकदा हसले, तर म्हणाली, "मी म्हातारीचं काम करतो. म्हातारी नाई झाली."

पुढच्या महिन्यात मला आजीचं काम आहे. टोप खिळ्याला लावलाय. काल आधी केस काळे करून घेतले.