पहिली मूठ

रोजच्या जगण्यात गोष्ट असते, ती शोधायची असते, असं मी लोणखेड्याच्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षं पोरांना सांगत आले. फळ्यावर लिहूनही देते. पोरं वहीत उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी ‘पहाटेचा सूर्योदय’ असा निबंध आणतात. मी स्वतः मात्र सांगितल्याप्रमाणे वागत होते. एक वही होती आणि रोज त्यात एक ओळ, त्या दिवशी घरात घडलेली. कुणी काय बोललं, दूध का उतू गेलं, असलं काहीतरी.

वहीची सगळ्यात जास्त टिंगल दादा करायचा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मी लग्न केलं नाही, त्यामुळे त्याच्याच घरात राहिले. त्याचं शहाद्यात पाण्याच्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान होतं. संध्याकाळी घरी आला की त्याच्या अंगाला वॉर्निशचा वास यायचा, आणि मी वही उघडून बसलेली दिसले की तो दारातूनच विचारायचा, “आज काय लिखं वं मास्तरीनबाई? मन्हं नाव लिखू नको त्यामा.” मी लिहायचे नाही. घरातल्याच माणसाबद्दल काय लिहायचं, तो तर रोज समोर आहे, असं वाटायचं.

मागच्या वर्षी माघात तो गेला. दुपारी दुकानातच बसल्या बसल्या. मला फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते, आणि हातातला पेपर पूर्ण तपासून मग उठले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दहा दिवस मी खुर्च्या मागवल्या, चहाचं पाहिलं, पाहुण्यांच्या गाड्यांच्या वेळा सांभाळल्या. बायका म्हणाल्या, किती खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची. मला काही वाटतच नव्हतं. रडू येईल, आज येईल, उद्या येईल, म्हणून वाट पाहिली. आलं नाही. दीड वर्ष वहीत रोजची ओळ एकच होती: आज काही नाही.

मला दादाबद्दल फक्त एक ओळ लिहायची होती. भाषण नको, श्रद्धांजली नको, एक ओळ. त्याच्याबरोबर पंचावन्न वर्षं एका छपराखाली काढली आणि एक ओळ सापडत नव्हती. माझा सगळा जीव तेवढ्यावर अडला होता. ती ओळ आली नाही तर तो या घरात होता याचा माझ्याकडे काही पुरावाच नाही, असं मला वाटायला लागलं होतं.

यंदा जुलैत मी नेहमीचाच गृहपाठ दिला: घरात घडलेली एक साधी गोष्ट लिहा. धडगावकडच्या डोंगरातून आलेली, वसतिगृहात राहणारी एक मुलगी आहे. घरी पावरी बोलणारी. तिनं पाच ओळी लिहिल्या. ‘आमच्या दाराला कुलूप नाही. आई-बाबा ऊसतोडीला जाताना दाराला काठी आडवी लावतात, मग लोकांना कळतं घरात कोणी नाही. मी दिवाळीत गेले तेव्हा काठी आडवी होती. मी काठी काढून आत झोपले. सकाळी काठी परत आडवी लावली आणि आले.’ मी लाल पेनाने तिचे सगळे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, दहापैकी सहा दिले आणि वही परत केली. वाचताना मला काही झालं नाही. पूर्वीची मी असते तर ती वही घेऊन स्टाफरूमभर फिरले असते.

मग श्रावण आला. दादा गेल्यावर पहिल्या वर्षी आमच्याकडे कानबाईचे रोट, म्हणजे श्रावणात घरी बसवतात त्या देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, झाले नव्हते. यंदा वहिनी म्हणाली, करायचे. आमच्या घरची रीत अशी की रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा. एक भरलेली मूठ आणि वर थोडासा. मोठ्यापासून सुरुवात करायची आणि ज्याची मूठ त्याचं नाव घ्यायचं. बायकांची मूठ नसते. मी लहानपणी आईला विचारलं होतं, माझी का नाही, तेव्हा आईनं, “तू दुसऱ्याच्या घरनी,” एवढं म्हणून सूप माझ्या हातात दिलं होतं. दुसऱ्याचं घर काही आलं नाही आणि मूठही आली नाही. गहू निवडायचं काम मात्र तेव्हापासून माझ्याकडेच आहे.

शनिवारी दुपारी ओसरीवर आम्ही तिघी बसलो होतो. मी, वहिनी आणि सुरतेहून आलेली सूनबाई. पुतण्या आणि त्याचा पोरगा आत झोपले होते. मी निवडलेला गहू परातीत होता. मूठ घ्यायचा मान वहिनीचा. वहिनीनं जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही, त्यामुळे पहिली मूठ ती नेहमी गुपचूप घ्यायची. नंतर मुलाचं नाव, मग नातवाचं. तीस-पस्तीस वर्षं मी हे पाहत आले होते, आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

वहिनीनं डोक्यावर पदर घेतला. परातीत हात घातला आणि न बोलता मूठ कोऱ्या फडक्यावर टाकली, वर थोडासा गहू सोडला. मग मुलाचं नाव घेतलं, मूठ टाकली. नातवाचं नाव घेतलं, मूठ टाकली. हात झटकला.

सूनबाई हळूच म्हणाली, “आई, तीन व्हयन्यात.”

वहिनी फडक्याकडे बघत राहिली. घरात पुरुष दोनच होते. हाताला सवयीनं जे माहीत होतं ते त्यानं केलं होतं, आणि देवाच्या नावानं काढलेला दाणा परत परातीत टाकत नाहीत. रस्त्यावरून केळीच्या घडांचा एक ट्रॅक्टर गेला.

“व्हयन्यात ते व्हयन्यात,” वहिनी म्हणाली. “हाई ताईस्नी मूठ शे.”

“बाईमानूसनी मूठ लेतस का?” सूनबाईनं विचारलं. तिनं वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं.

“आते लिधी ना,” वहिनी म्हणाली आणि फडक्याला गाठ मारली.

मला काय वाटलं ते सांगते. राग आला. आयुष्यभर जिची मूठ निघाली नाही, तिला भावाची उरलेली मूठ. बदली शिक्षक पाठवतात तशी मी. वहिनीचा चेहरा असा झाला होता की त्यावर बोलण्यात अर्थ नव्हता. मी सूप उचललं आणि आत गेले.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी गेली. पुतण्या बायको-पोरासह सुरतेला परतला. आपापल्या वाट्याचे रोट त्यांनी खाल्ले होते. माझा तसाच राहिला. त्यातला एक तुकडा मोडून मी तोंडात टाकला आणि उरलेला डब्यात ठेवला. आमचा रोट घराबाहेर कुणाला देत नाहीत, टाकत तर नाहीतच. पुनवेच्या आत घरातच संपवायचा. दोन दिवसांत तो इतका कडक झाला की मोडायला दोन्ही हात लागले असते. रोज मी डबा उघडायचे, बघायचे आणि परत लावायचे. वहिनीही त्या डब्याकडे बघायची, हे मला दिसत होतं.

पुनवेच्या आदल्या सकाळी ओट्यापाशी चहाचा कप घेऊन मी बसले. आज संपवलाच पाहिजे होता. दात काही चालेनात, म्हणून मी एक तुकडा मोडून चहात बुडवला.

मागून वहिनी म्हणाली, “देवना रोट शे, च्यामा काय बुडाई ऱ्हाय—”

आणि थांबली.

हे वाक्य मी दर श्रावणात ऐकलं होतं. दादा आपला रोट सणाच्या दिवशी कधीच संपवायचा नाही. चांगला कडक होऊ द्यायचा आणि मग सकाळच्या चहात बुडवून खायचा. वहिनी ओरडायची, तो म्हणायचा, देवालाही चहा लागतो. तुकडा हमखास तुटून कपात पडायचा आणि तो बोटानं काढून खायचा, बोट चाटायचा. त्या बोटाला वॉर्निशचा पिवळा डाग असायचा, तो कधी निघायचा नाही. हे सगळं मला माहीत होतं. दीड वर्ष मला ते आठवलं नव्हतं.

माझाही तुकडा तुटला आणि कपात पडला. मी बोट घालून तो काढायला गेले. चहा गरम होता, बोट भाजलं, आणि मी रडायला लागले. पेपर तपासून मग उठलेली बाई मी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ओट्यापाशी हुंदके देत होते. वहिनी जवळ येऊन खाली बसली. तिनं माझ्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. तिनं माझा कप ओढून घेतला, बोट घालून तळाशी गेलेला तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला. मी अर्धा खाल्ला. अर्धा तिला दिला. त्या दिवसापर्यंत आम्ही दोघींनी एका कपातलं काही खाल्लेलं नव्हतं. डब्यातला उरलेला रोटही मी तसाच बुडवून खाल्ला.

“संपना का?” तिनं विचारलं.

“संपला.”

ती कप विसळायला उठली. नळाखाली तो बराच वेळ धरून ठेवला. मग पाठमोरीच म्हणाली, “पुढला साल बी तीनच लिसूत.”

“कुणाची?” मी विचारलं.

“पहिली तेस्नी नि तुमनी,” ती म्हणाली. “एकच.”

कॉलेजला जायच्या आधी मी वही काढली. ‘आज काही नाही’च्या खाली लिहिलं, दादा चहात रोट बुडवून खायचा. पेनातली शाई लालच होती, तशीच वापरली. मग वसतिगृहातल्या त्या मुलीचा निबंध परत मागून घ्यायचा आहे, हे तळहातावर लिहून घेतलं आणि निघाले.