वीरभद्रचा जबाब

संघपालला बिलोलीत अजूनही लोक ‘शूटिंगवाला’ म्हणतात. त्याच्या फिल्म दिल्ली-कोलकात्यात दाखवल्या गेल्या, त्याच्या एका बातमीनं एका साहेबाची खुर्ची गेली. तरी गावाच्या लेखी तो लग्नाची कॅसेट काढणारा पोरगाच राहिला.

ते खोटंही नाही. दहावीनंतर तो नांदेडच्या एका स्टुडिओत लागला, तिथंच कॅमेरा धरायला शिकला. स्टुडिओचा एक रिवाज होता. कॅसेट हातात द्यायच्या आधी घरच्यांना बसवून दाखवायची. मग कोणी म्हणे, त्या भांडकुदळ मामाला काढा. कोणी म्हणे, मी जेवताना लई दिसायलेय. मालक निमूटपणे कापायचा. पुढं संघपाल चॅनेलचा बातमीदार झाला, चॅनेल सोडून स्वतःच्या फिल्म करू लागला, पण हा रिवाज त्यानं सोडला नाही. जो बोलला त्याला आधी दाखवायचं, तो म्हणेल ते काढायचं.

“तू पत्रकार हायस का आहेराचे फोटो काढणारा?” मित्र टोमणा मारायचे.

“तोंड त्याचं, तर हक्कबी त्याचाच,” तो म्हणायचा.

त्याच्याच तालुक्यातल्या भामाबाईंचा मुलगा प्रीतम लातूरला एका डाळमिलमध्ये कामाला गेला आणि मिलच्या मागच्या नालीत मेलेला सापडला. कागदोपत्री आलं, दारूच्या नशेत पडून मृत्यू. मिलवाले म्हणाले, हा माणूस आमच्याकडं कधी कामाला नव्हताच.

“मेला ते मेला,” भामाबाई संघपालला म्हणाल्या. “पर पिऊन मेला म्हणून का लिहिलं? त्यानं विहारात पंचशील घेतलं होतं, भाऊ. त्याला वासबी सोसत नव्हता. तेवढं पुसून द्या.”

तेवढं पुसायला दोन वर्षं गेली. मिलमधला एकही माणूस तोंड उघडेना. शेवटी मशीनवर काम करणारा वीरभद्र बोलला. निलंग्याकडचा, अबोल माणूस. कॅमेऱ्यासमोर खाली बघत तो म्हणाला, “टाकीत तूर अडकली होती. मुकादमानं प्रीतमला आत उतरवलं. तूर एकदम सरकली, तो खालीच गेला. मीच वढून काढला, सर. नाकातोंडात तूर. पिलेला? न्हाई. सकाळचा चहाबी झाला नव्हता त्याचा.”

संघपालनं त्याच दिवशी भामाबाईंना फोन केला. “मावशी, बघितलेला माणूस सापडला.” बाईंनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलं.

फिल्म जुळवून झाल्यावर, रिवाजाप्रमाणं, तो लॅपटॉप घेऊन वीरभद्रच्या घरी लातूरला गेला. दारात चपलांचा ढीग. वीरभद्रची बायको नीलम्मा हिनं गल्ली बोलावली होती. परातभर चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता.

“वीरभद्र, आपण दोघंच बघू की,” संघपाल हळूच म्हणाला.

“दोघंच का?” नीलम्मानं ऐकलं. “आमच्या लग्नाची कॅसेट न्हाई, अण्णा. आमच्याकडं कोण कॅमेरा धरलंय कधी? बघू द्या की लोकांला!”

वीरभद्रनं केसांना तेल लावून भांग पाडला होता. त्याच्या तोंडाकडं बघून संघपालच्यानं नाही म्हणवेना.

“आगं माय, टीव्हीत तर गोरा दिसायलाय की तुझा नवरा!” एक म्हातारी म्हणाली आणि खोली हसली. मग टाकीची गोष्ट सुरू झाली आणि हसणं थांबलं. त्या बायांत मुकादम अमरनाथची भावजयही बसली होती. संघपाल तिला ओळखत नव्हता. नीलम्मा ओळखत होती, पण शेजारणीला वगळून कसं चालेल?

आठवडाभरानं वीरभद्र एसटीनं नांदेडला संघपालच्या घरी आला. पाणीही न पिता म्हणाला, “तेवढं काढा, सर.”

“मारलं का कोणी?”

“न्हाई. मुकादमानं बोलावून चहा पाजला. म्हणला, तुझी पोरगी साक्षी क्लासला एकटीच चालत जाते ना? एवढंच म्हणला.”

“तोंड झाकतो तुझं. आवाज बदलतो.”

“कोणापासून झाकता? सगळ्या गल्लीनं बघितलंय.” वीरभद्रनं हात जोडले. “तुम्हीच म्हणला होता, म्हणशील ते काढीन.”

संघपालची बायको रूपाली आतून ऐकत होती. वीरभद्र गेल्यावर म्हणाली, “ठेवा तो भाग. आपल्या मर्जीनं बोललाय तो.”

“आन् साक्षीला काय झालं तर?”

त्यानं तो भाग काढला.

मग राहिल्या भामाबाई. त्याही फिल्ममध्ये होत्या, म्हणजे त्यांनाही दाखवणं आलं. त्यांच्या घरात त्यानं लॅपटॉप उघडला. मिलचं बंद फाटक आलं, नाली आली, रडणाऱ्या भामाबाई आल्या आणि फिल्म संपली. बाई काळ्या पडद्याकडं बघतच राहिल्या.

“तो माणूस कुठाय?”

त्यानं सगळं सांगितलं. साक्षीचंही.

“पोरीला काय व्हायला नको,” बाई म्हणाल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, “पर मंग माझा प्रीतम पिलेला नव्हता, हे कोण सांगंल?”

“मी सांगतो, मावशी. शेवटी माझ्या आवाजात.”

“तुम्ही होता का तिथं?”

“न्हाई.”

दारातून दोघी-तिघी डोकावल्या. “लागली का पिक्चर, भामाबाई? बोलला का तो माणूस?”

“आजून तयार न्हाई म्हणं,” बाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी दार लोटून घेतलं.