आजोबांची मिशी

हे मी डायरीतसुद्धा लिहिलेलं नाही. कुणी वाचेल ही भीती होतीच, पण खरं सांगू? ते मलाच वाचायचं नव्हतं. आज तुम्हाला सांगते.

आमच्या डहाणूच्या घरात, हॉलमध्ये, आजोबांचा फोटो आहे. पांढरा सदरा, काळी टोपी, झुपकेदार मिशी. येणारा प्रत्येक जण म्हणतो, काय रुबाब! बाबा खूश होतात. आणि मी... मी पाणी आणायला आत जाते.

आजोबा गेले तेव्हा मी नववीत होते. सरावलीला, आमच्या गावच्या घरी, त्यांच्या पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, त्यांच्या लग्नातला फोटो मला सापडला. दोन्ही कानांत बाळ्या, डोळ्यांत काजळ, टोपीला गुंडाळलेला गजरा. मिशी नाहीच. किती देखणे दिसत होते! तेव्हा नवरे असे सजायचे आणि त्याने त्यांचं पुरुषपण कमी होत नसे — पण हे मला आज कळतं. तेव्हा मी तो फोटो प्रोजेक्टसाठी शाळेत नेला, आणि शेजारच्या मुलीने विचारलं, "ये तेरी दादी है क्या?" अख्खा बाक हसला. मीही हसले.

त्याच संध्याकाळी मी फोनवर त्याचा फोटो काढला आणि बाळ्या पुसल्या. काजळ पुसलं, गजरा पुसला. मिशी लावली — ॲपमध्ये होती त्यातली सगळ्यात जाड. बाबांनी ते पाहिलं. "तरुणपणी मिशी होती वाटतं अण्णांना," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग मी कसं सांगणार होते? नाही — सांगता आलं असतं. त्याच क्षणी. बाबांनी मोठी फ्रेम करून घेतली. मूळ फोटो शाळेत हरवला, असं मी सांगितलं. तो माझ्या ॲटलासमध्ये होता.

इथवर पोरकटपणा म्हणाल. पण गेल्या दिवाळीत तलासरीहून काका आले, सोबत निलेश, माझा चुलतभाऊ. बावीस वर्षांचा, कंपनीत कामाला. त्याने नुकतेच कान टोचून बारीक बाळ्या घातल्या होत्या. काकांनी जेवता जेवता भिंतीकडे बोट दाखवलं.

"अण्णांकडे बघ. ह्याला म्हणतात पुरुष. मिशी बघ!"

"मिशी मांजरालाही असते, पप्पा."

"मग मांजरासारखा बाहेरच राहा. ते काढल्याशिवाय माझ्या घरात पाय टाकायचा नाही."

निलेशचं हसू गेलं. तो माझ्याकडे वळला. "ताई, तू तरी सांग ना ह्यांना."

त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. फक्त मला. आणि मी म्हटलं, "आजोबांना नसतं आवडलं, निलेश."

त्याने ताटावरच बाळ्या काढल्या, खिशात टाकल्या. पुढे जेवला नाही.

आज सकाळी बाबा ड्यूटीवर गेल्यावर मी स्टुलावर चढले, फ्रेम उघडली आणि मूळ फोटो आत बसवला. तो लहान आहे, चारी बाजूंनी पुठ्ठा दिसतो. दिसू दे. इतक्या वर्षांनी मी त्या भिंतीकडे मान वर करून पाहते आहे, आणि छातीवरचं ओझं उतरलं आहे — खोटं कशाला बोलू? आता निलेशला फोन करीन. मग काकांना. बाबा सहाला येतील, त्यांना समोरासमोर सांगेन. जे म्हणायचं ते म्हणोत.

निलेशच्या कानांची भोकं मात्र बुजली आहेत. राखीला ओवाळताना मी जवळून पाहिली. ती मी बुजवली.