बाळाच्या लसीला आईची टेस्ट

"मॅडम, ते शुगरचं मशीन मी सासऱ्यांना देऊन टाकलं. आता मला काय काम त्याचं?"

स्नेहल फोनवर अगदी मजेत सांगत होती. बाळंत होऊन महिना झाला होता. मी डोंबिवलीतल्या एका मॅटर्निटी होममध्ये डाएटिशियन आहे आणि गरोदरपणात स्नेहल माझी सगळ्यात शहाणी पेशंट होती. सहाव्या महिन्यात तिची शुगर वाढली. याला आम्ही जेस्टेशनल डायबिटीस म्हणतो, म्हणजे गरोदरपणात उद्भवणारी साखर. त्यानंतर तिने वडापावकडे ढुंकून पाहिलं नाही. ठाण्याच्या ऑफिसात डबा खाल्ला की चालायची. रोज बोट टोचून शुगर बघायची. "बाळासाठी कायपण, मॅडम," म्हणायची.

बाळ सुखरूप झालं आणि बाईसाहेबांनी सगळं गुंडाळून ठेवलं. ही साखर बहुतेकींची बाळंतपणानंतर उतरते, काहींच्या अंगात मात्र मुक्काम ठोकते. म्हणून दीड महिन्याने पुन्हा टेस्ट. उपाशीपोटी रक्त द्यायचं, ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तासांनी परत रक्त. स्नेहलच्या आईची शुगर कुणी कधी तपासलीच नव्हती. कळलं तेव्हा एका डोळ्याची नजर गेलेली. हे स्नेहलनेच मला सांगितलं होतं. तरी टेस्टचं नाव काढलं की, "बघू नंतर." मला भयंकर राग यायचा.

बाळाची लस मात्र कुणी चुकवत नाही. लहान मुलांचे डॉक्टर आमच्याच बिल्डिंगमध्ये बसतात. त्यांच्याकडून लसीसाठी सकाळची वेळ घेतली आणि स्नेहलला बजावलं, "त्याच दिवशी तुझंही रक्त घेऊ. काही न खाता ये."

ती कोपरच्या घरून रिक्षाने आली. बाळ सासूबाईंच्या मांडीवर.

"उपाशी आहेस ना?"

"हो मॅडम. फक्त एक लाडू खाल्ला."

"मीच दिला, डिंकाचा," सासूबाई म्हणाल्या. "बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडतेय. रिकाम्या पोटी कशी आणू?"

डिंक, गूळ, खोबरं, तूप. टेस्टचे बारा वाजले. मी चिडले, पण लक्षात आलं की या घरात स्नेहलच्या तब्येतीची काळजी करणारं एक माणूस आहे, आणि ते स्नेहल नाही. सासूबाईंना बाजूला बसवून टेस्ट कशासाठी ते सांगितलं. विहीणबाईंचा डोळा गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. वेळेवर टेस्ट झाली असती तर कदाचित वाचला असता, हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी हजर. लाडू डब्यात, डबा सासूबाईंच्या पिशवीत. दुसऱ्यांदा रक्त घेईपर्यंत त्यांनी पिशवीला हात लावू दिला नाही.

रिपोर्ट आला. डायबिटीस नव्हता, पण उंबरठ्यावर होता. खाणं आणि चालणं सांभाळलं तर टळण्यासारखा.

"म्हणजे बाळाला काही प्रॉब्लेम नाही ना?" स्नेहलने विचारलं.

"अगं, रिपोर्ट तुझा आहे," सासूबाई म्हणाल्या. "तो उद्या शाळेच्या स्टेजवर उभा राहील, तेव्हा तुला दिसायला नको?"

स्नेहलने रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. मग रडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मशीन सासऱ्यांकडून परत आलंय. रोजचा लाडू अर्ध्यावर आलाय. आणि बाळंतपणानंतरच्या टेस्टची आठवण करून द्यायला मी आता पेशंटशी बोलतच नाही. घरात लाडू कोण वळतं ते विचारते आणि फोन त्यांच्याकडे द्यायला सांगते.