डाव्या हाताचे ठोके

नानांचा डावा हात बिघडलाय हे मला कळलं तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघतही नव्हते. मी बघत होते कॉम्प्युटरच्या पडद्याकडे.

नाना म्हणजे माझे वडील. धरणगावात त्यांनी उभी हयात ढोलकी वाजवली. हळदी, भजनं, श्रावणातली कानबाई देवीची गाणी, जिथून बोलावणं येईल तिथे हजर. मी जळगावात घराच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून रेकॉर्डिंगचं दुकान थाटलं. तिथे अहिराणी गाणी होतात, लग्नात डीजेवर वाजणारी, लोक मोबाईलवर बघतात ती. आई-नाना माझ्याकडे राहायला आले ते ढोलकी बरोबर घेऊनच. मग बाहेरचा वाजवणारा कशाला हवा? माझ्या सगळ्या गाण्यांत ढोलकी नानांची.

माझं काम ऐकायला मोठं वाटतं, करायला हमाली आहे. गाण्याची लय आधी ठरवायची. ती ठरली की पडद्यावर सारख्या अंतराने उभ्या रेषा येतात. माणसाने वाजवलेला प्रत्येक ठोका त्या रेषांमध्ये छोट्या उंचवट्यासारखा दिसतो. रेषेवर बसला तर बरं. नाही बसला तर त्यावर खूण करायची, माउसने धरायचा आणि ओढून रेषेवर आणायचा. तेवढा आवाज ताणला जातो किंवा आवळला जातो. थोडा ताणला तर कुणाच्या बापाला कळत नाही. जास्त ताणला की मात्र धुऊन सैल झालेल्या स्वेटरसारखा ढगळ होतो.

नानांचं आणि त्या रेषांचं कधी पटलं नाही. कानात लयीची टकटक वाजत ठेवली की ते हेडफोन एका कानावरून सरकवून बसायचे. "आयुष्यभर नाचनाऱ्याना पाय दखीसन वाजाडं, आते या टकटक्याना दखू?" असं म्हणायचे. आणि खरंच, गाणं रंगलं की ते पुढे पळायचे. रंगात आलेल्या नवरदेवाच्या मित्रांनी त्यांना ती खोड लावली होती. पण पळायचे ते दोन्ही हातांनी. उजवा पुढे तर डावाही तेवढाच पुढे. अशी ढोलकी दुरुस्त करणं सोपं. अख्खा तुकडा उचलायचा आणि मागे सरकवायचा. मी करवादत करवादत ते कित्येक वर्षं केलं.

मग एका हळदीच्या गाण्यात भलतंच दिसलं. उजव्या हाताचे ठोके रेषेवर, अगदी शाळेतल्या मुलांसारखे रांगेत. आणि डावीकडचे घुमणारे ठोके तेवढे मागे. सगळे नाहीत. सुरुवातीचे बरे होते, गाणं पुढे जाईल तसे ते मागे पडत गेले. मला वाटलं माइकची वायर गेली. वायर बदलली. पुढच्या गाण्यात तेच, उलट जास्तच.

"नाना, डावा हात मागे पडतोय तुमचा," मी सांगून टाकलं. मनात ठेवणं मला जमत नाही.

"हात नही, पुडी उतरेल शे," नाना म्हणाले. पुडी म्हणजे ढोलकीच्या तोंडावरचं चामडं. ते सैल पडलं की ठोका उशिरा घुमतो म्हणे. दुसऱ्या दिवशी ढोलकी पाठीला लावून ते एसटीने धुळ्याला गेले. पुडी घालून देणारे चाचा धुळ्याचे. नाना दुसऱ्या कुणाच्या हाताला ढोलकी लावू देत नसत. नवी पुडी आली. नवं गाणं झालं. डावा हात मागेच. मग दोऱ्या ओल्या असतील, मग लाकडी खोडाला चीर असेल, असं करत ढोलकी पुन्हा धुळ्याला गेली आणि पुन्हा आली.

मी वैतागले होते. म्हटलं, "नाना, नाचता येईना अंगण वाकडं."

एरवी माझ्या एका म्हणीवर त्यांच्याकडे दोन तयार असायच्या, त्यातली एक तरी चारचौघांत न सांगण्यासारखी. त्या दिवशी ते उठून बाहेर गेले. आई भाकरी थापत होती. ती परातीतून मान वर न करता म्हणाली, "त्यासले बोलू नको. शर्टन्या गुंड्या मी लाई देस, कितला दिवसपाईन. डावा हाते गुंडी धराती नही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू तरी माले काय सांगं?" आई म्हणाली.

खरं होतं. ती रोज सकाळी गुंड्या लावत होती, मी रोज दुपारी ठोके ओढत होते आणि नाना वेळेवर तयार होऊन वेळेवर वाजवत होते. घर कसं व्यवस्थित चाललं होतं.

तिसऱ्यांदा धुळ्याला निघाले तेव्हा मी बरोबर गेले. चाचांचं दुकान म्हणजे गल्लीतला एक ओटा, चामड्याचा आणि सरसाचा वास. त्यांनी ढोलकी मांडीवर घेतली, अंगठ्याने पुडी दाबून बघितली आणि त्यांचा पारा चढला. स्वाभाविक होतं. तीनदा माल परत आला की कोणाही कारागिराला झोंबेल. "नाना, पुडी में कुछ नहीं है. लो, सुनो," म्हणाले आणि वाजवायला लागले.

ढोलकी घुमली. डावा हात, उजवा हात, दोन्ही जिथल्या तिथे. शेजारच्या दुकानातला माणूस बोटं वाजवायला लागला. नाना ओट्याच्या खाली उभे होते, एका पायावर भार देऊन. त्यांचा चेहरा मला बघवला नाही, मी रस्त्याकडे बघत राहिले. चाचा थांबले तेव्हा नानांनी ढोलकी घेतली, खोळीत घातली आणि खोळीचा पट्टा कडीत ओवायला लागले. तो ओवला जाईना. चाचांनी खाली उतरून पट्टा लावला. मग त्यांनी चहा मागवला आणि नानांचा पेला त्यांच्या उजव्या बाजूला ठेवला.

परतताना पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा नानांनी विचारलं, "तुन्हं मशीन काय सांगस?"

"डावा उशिरा येतो. दर गाण्याला थोडा जास्त."

"हं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी फार काही केलं नाही. अंगठ्यावर बोट आपटायला सांगितलं, भराभर. उजव्या हाताने नानांनी द्रुत लय धरली. डाव्याचं बोट आधी जोरात उघडलं, मग कमी, मग आणखी कमी, मग नुसतं अंगठ्यावर टेकून राहिलं. मला ते ओळखीचं होतं. पडद्यावर मी हेच बघत आले होते. डॉक्टर म्हणाले, कंपवात.

"हात तं कापत नही मन्हा," नाना म्हणाले. ढोलकीवाल्याचा हात कापेल कसा, असा त्यात मिजाशीचा सूर होता. डॉक्टरांनी समजावलं, सगळ्यांचा कापत नाही, काहींचा नुसता संथ होतो. औषधाने बरं वाटेल, पण गेलेलं परत येणार नाही. "वाजवता येईल का?" हे मी विचारलं. नानांनी नाही विचारलं. "वाजवतील तोवर वाजवू द्या," डॉक्टर म्हणाले. मला त्यांचा राग आला. खरं तर त्यांचा काही दोष नव्हता, पण राग धरायला समोर दुसरं कोणी नव्हतं.

गोळ्यांनी काही महिने बरे गेले. मग लग्नसराई तोंडावर आली आणि एका गायिकेचं नवं गाणं आलं. नानांच्या हाताचं तिच्या कानावर गेलं होतं. ती म्हणाली, दुसरा कोणी वाजवणारा बघा. नाना दारात उभे राहून ऐकत होते. "हाई गानं मीच वाजाडसू," म्हणाले. वाद घालायची सोयच ठेवली नाही.

त्यांनी वाजवलं. दोनदा थांबले, पाणी प्यायले, पुन्हा धरलं. झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची ओढून माझ्या शेजारी पडद्यासमोर बसले. "दखाड," म्हणाले.

मी मोठं करून दाखवलं. त्यांनी पडद्यावर बोट टेकवून विचारलं, "ह्या उजवा हातना?"

"हो."

"आनि ह्या डावाना." हे त्यांनी विचारलं नाही. "वढ," म्हणाले.

मी ओढायला लागले. एकेक ठोका धरायचा, रेषेवर न्यायचा. ते पापणी न लववता बघत होते. काही ठोके इतके मागे होते की ओढल्यावर त्यांचा नुसता ढगळ आवाज उरत होता. तिथे मी जुन्या एका गाण्यातले नानांचेच डाव्या हाताचे ठोके कापून आणले आणि चिकटवले. मग अख्खं गाणं त्यांना ऐकवलं. ढोलकी खणखणीत, सुतासारखी सरळ.

"हाऊ कोन शे?" नानांनी विचारलं.

"तुम्हीच की."

"मी इतलं बराबर कधी वाजाडं नही व," ते म्हणाले. मग खुर्ची मागे सारून म्हणाले, "मंग आते माले वाजाडाले कसाले बसाडस?"

मला बोलण्यात कोणी हरवत नाही अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी मी नुसती फाइल सेव्ह केली. नानांनी ढोलकीवर खोळ चढवली आणि या वेळी पट्टा न लावता तशीच कपाटावर ठेवून दिली. त्यानंतर ती खाली आली नाही. माझ्या गाण्यांत ढोलकी अजून नानांचीच असते. जुन्या फायलींतून ठोके कापते, रेषेवर बसवते, काम पटकन होतं. गाणारे खूश असतात. मला ते काम करताना रडू येतं, पण काम थांबवत नाही, कारण दुसऱ्या कुणाची ढोलकी तिथे लावणं मला त्याहून जड जातं.

ते गाणं चाललं. त्या लग्नसराईत आमच्या रस्त्यावरून एक वरात गेली, डीजेवर तेच गाणं. पोरं धूळ उडवत नाचत होती. नाना ओट्यावर बसले होते. उजवा हात गुडघ्यावर ताल धरत होता, डावा मांडीखाली दाबून ठेवलेला. आई पदराला हात पुसत धावत बाहेर आली. नाचणाऱ्या पोरांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाली, "ओ, आयका ना! तुमनं वाजाडेल लागेल शे!"

नानांनी वरात पुढे जाऊ दिली.

"मन्हं नही," ते म्हणाले. "मन्ही पोरनं शे ते."