दारासमोरचा जिना

फेंगशुईवर माझा काडीचाही विश्वास नाही. तरीही इथं अमेरिकेत, क्युपर्टिनोतलं आमच्या मनातलं घर हातचं गेलं, ते फेंगशुईपायीच!

तेव्हा आम्ही घर शोधून शोधून थकलो होतो. ऑफर द्यायची, दुसऱ्या कुणाच्या मोठ्या ऑफरपुढे हरायचं आणि खिचडी खाऊन गप्प झोपायचं, असे आमचे वीकेंड जायचे. त्यात साताऱ्याहून आई आली होती. एका रविवारी ओपन हाउसला (म्हणजे विकाऊ घर सगळ्यांना बघायला खुलं असतं तिथे) गेलो आणि तिघंही त्या घराच्या प्रेमात पडलो. मेधा (माझी बायको) ओट्यावरून हात फिरवत राहिली. आईनं मागच्या अंगणात तुळशीची जागासुद्धा ठरवून टाकली.

"हेच घे रे," ती म्हणाली. "इथं सकाळचं ऊन छान येईल."

अमेरिकेतलं काही आवडल्याचं आईनं कबूल करायची ती पहिलीच वेळ!

पण घरात ही गर्दी! त्यात बरीच चिनी कुटुंबं. ऑफिसातल्या एका चिनी मित्राकडून मी ऐकलं होतं, की दारासमोर जिना असला की घरातलं भाग्य पायऱ्यांवरून बाहेर निघून जातं. इथं जिना थेट दारासमोर होता. माझं सुपीक डोकं लगेच चालू लागलं.

"मेधा, बघच आता. अर्धी गर्दी पळवतो."

"यार, उगाच काहीतरी करू नकोस हं!"

मी जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि खणखणीत इंग्रजीत तिला समजावू लागलो. या घरात पैसा टिकणार नाही. माणसं आजारी पडतील. नवरा-बायकोत भांडणं होतील (मेधाच्या चेहऱ्यावरून ती सुरू झालीच होती). मग फोनमधलं होकायंत्र काढून घरभर फिरलो आणि गंभीरपणे मान हलवली. दोन कुटुंबं खरंच निघून गेली! मला आणखी जोर चढला.

"आणि सगळ्यात वाईट म्हणजे, घरातल्या कर्त्या मुलाच्या जिवाला धोका!"

मागून मराठीत आवाज आला, "चल, गाडीत बस."

आई! मी समजत होतो, ती अंगणातच आहे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई ती. एकही शब्द निसटला नव्हता.

"अगं आई, मी थापा मारत होतो!"

"इतक्या चांगल्या थापा तुला येत नाहीत. लहानपणी एक तरी पचली का?"

"पण फेंगशुई चिनी लोकांचं गं! आपल्याला कुठे लागू?"

"जिन्याला काय कळतंय, कोण चिनी आणि कोण मराठी?"

मेधानं समजावलं, मी हात जोडले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "घर दुसरं मिळेल रे, मुलगा कुठून आणू?" ऑफर द्यायचा बेत कॅन्सल!

शेवटी जवळच एक बैठं घर घेतलं. जिना नाही, एवढाच त्याचा गुण. सकाळचं ऊन शेजाऱ्यांच्या गॅरेजवर पडतं. आईनं तुळस ड्राइव्हवेच्या कडेला लावली आणि दर उन्हाळ्यात ती येऊन तिथेच खुर्ची टाकून चहा प्यायची. गाडी बाहेर काढायची म्हणजे आधी आईला उठवावं लागायचं. आता आई नाही. गाडी झटकन निघते आणि ते मला मुळीच आवडत नाही.

परवा फिरायला गेलो होतो. 'त्या' घरासमोर एक चिनी आजी झाडांना पाणी घालत होत्या. मला बघताच त्यांनी नळी खाली टाकली.

"तुम्ही ते फेंगशुईवाले ना? तुमच्यामुळेच आम्ही हे घर घेतलं!"

"माझ्यामुळे?"

"तर काय! एवढा मोठा जाणकार होकायंत्र घेऊन घरभर फिरला आणि खोट काय सापडली, तर फक्त जिना! म्हणजे बाकी सगळं उत्तमच असणार. आम्ही जिन्यासमोर मोठी कुंडी ठेवली आणि लगेच ऑफर वाढवली." मग माझा हात धरून म्हणाल्या, "आता मुलगा घर घेतोय. येत्या रविवारी बघायला याल?"

मी लगेच हो म्हणालो. माझ्या फेंगशुईनं आजवर एकच घर मिळालंय. पण ज्यांना मिळालं, ते अगदी सुखात आहेत!