काट्यावरच्या गोगलगाई

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी चाळीस गोगलगाई मोजल्या. म्हणजे मोजल्या कारभारणीने. मी आकडे लिहिले आणि शिव्या खाल्ल्या. "आवं, नीट लिवा की! मिलिट्रीत बंदूक तरी सरळ धरत हुता का?" दिवस मावळल्यावर म्हणाली, "लांबी-रुंदी झाली. वजनं सकाळी. मी दमलीया." ती दमल्याचं जन्मात कधी बोलली नव्हती. माझ्या टाळक्यात तरी शिरलं नाही.

नव्वदच्या पुढची गोष्ट. सांगलीचे एक प्रोफेसर आमच्या कृष्णाकाठी यायचे. शंखाच्या मापावरून आतल्या जिवाचं वजन कळतं का, हे त्यांना बघायचं होतं. पण बूट चिखलात घालवत नव्हता. मग धुण्याच्या घाटाचा दगड न् दगड ठाऊक असलेली आमची दुसरी इयत्ता पास कारभारीण कामाला लागली. सोनं गाळायचा गलाईचा धंदा असलेल्या विट्याच्या भावाकडून सोनं तोलायचा जुना काटा आणला आणि महिन्याभरात सरांनाच दटावू लागली. पुढे त्यांचं छापून आलं म्हणे. त्यात तिचं नाव शोधू नका.

गोगलगाई दोन जातींच्या, एक लांबडी, एक बुटकी. "लांबडी नुसती दिसायला. वजनाला बुटकीच भारी," असं म्हणून ती माझ्या सहा फुटांकडे बघायची. "शंख लय मोठा, आत मास चिमूटभर." सरांसमोर!

तिचा नेम कडक. गोगलगाय पुसायची, निथळू द्यायची, मग वाट बघायची. "तोंड भाईर काढलं तरच जित्ती. न्हाईतर वजन लिवायचं न्हाई." एकदा मी शहाणपणा केला. वजनदार बघून उचलले, ते निघाले चिखल भरलेले मेले शंख. सरांनी सगळा कागद फाडला. "अडाण्यांचं काम नव्हे हे," म्हणाले.  घरी ती मला म्हणाली, "मेल्याचं वजन जास्त भरतं, येवढं कळंना तुमास्नी?" आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा मोजायला बसली. ही चाळीस शेवटची. दुसऱ्या दिवशी सर कागद न्यायला येणार होते.

सकाळी ती उठलीच नाही.

माणसं जमली. मी काटा घेऊन पडवीत बसलो. बहीण रडता रडता ओरडली, "दादा, याड लागलं व्हय रं?"

"गप बस. वजनं राहिल्यात."

तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने एकेक पुसली. एकोणचाळिसांनी तोंड काढलं. एकीने काढलं नाही. अंगणात तिरडी बांधून होईपर्यंत मी तिची वाट बघितली. मग तिच्यापुढची जागा कोरी सोडली आणि खांदा द्यायला उठलो.